स्टिअरिंगचा ‘शून्य’ चुकला की गाडीची सुरक्षा बंद : कोन मोजणाऱ्या सेन्सरचा बिघाड कसा ओळखावा, तो कसा बदलावा

नवी दिल्ली : व्हील अलाइनमेंट करून गाडी बाहेर पडते आणि काही मिनिटांतच डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागतो. घसरणारी गाडी आणि तिच्यामागे नागमोडी रेषा, असे त्याचे चित्र असते. गाडी नेहमीसारखी धावते, ब्रेक लागतात, स्टिअरिंग वळते. त्यामुळे अनेक चालक या दिव्याकडे दुर्लक्ष करतात. काही जण उलट घाईने नवा सुटा भाग विकत घेतात. दोन्ही निर्णय चुकीचे ठरू शकतात. गाडीची घसरण रोखणारी यंत्रणा बंद पडल्याची ती सूचना असते आणि अनेकदा त्यामागे सेन्सरचा बिघाड नसून त्याचा हरवलेला शून्यबिंदू असतो.

नवी दिल्ली रेल्वेस्थानकाच्या पश्चिमेस पसरलेल्या पहाडगंज भागात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी शाळा यांमुळे मराठी माणसाला परिचित असलेल्या या वस्तीत हॉटेलांची आणि पर्यटकांची दाटी आहे. येथून प्रवासी घेऊन निघणाऱ्या टॅक्सी हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडच्या घाटरस्त्यांवर जातात. अरुंद गल्ल्यांत स्टिअरिंग वारंवार टोकापर्यंत वळवावे लागते, चाके पदपथाच्या कडेला घासतात आणि अलाइनमेंट बिघडते. गल्लीत किरकोळ वाटणारा हा दोष ओल्या घाटात मात्र गंभीर ठरू शकतो.

सेन्सरचे काम काय?

चालकाने स्टिअरिंग किती अंशांनी, कोणत्या बाजूस आणि किती वेगाने वळवले, हे मोजणारा घटक म्हणजे ‘स्टिअरिंग अँगल सेन्सर’. बहुतेक गाड्यांत तो स्टिअरिंग व्हीलच्या मागे, दांड्याभोवती बसवलेला असतो. काही गाड्यांत तो एअरबॅग आणि हॉर्नला वीज पोहोचवणाऱ्या गुंडाळीसोबत एकाच भागात असतो, तर काहींत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या यंत्रणेतच सामावलेला असतो.

मोजणीच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिल्या पद्धतीत खाचा असलेली चकती प्रकाशझोतासमोर फिरते आणि खाचांतून येणाऱ्या प्रकाशावरून कोन काढला जातो. दुसऱ्या पद्धतीत दांड्यावरील मोठे दंतचक्र दोन लहान दंतचक्रांना फिरवते. या दोन चक्रांच्या दात्यांची संख्या वेगळी असते, त्यामुळे ती एकाच गतीने फिरत नाहीत. त्यांच्यावरील चुंबकांच्या स्थितीतील फरकावरून स्टिअरिंगचा नेमका कोन कळतो आणि ते कितव्या फेऱ्यात आहे हेही समजते.

ही माहिती गाडीतील संदेशवाहिनीद्वारे, म्हणजे ‘कॅन बस’द्वारे, स्थिरता नियंत्रण यंत्रणेकडे जाते. ‘ईएससी’ या नावाने ओळखली जाणारी ही यंत्रणा सतत तुलना करीत असते : चालकाला कोठे जायचे आहे आणि गाडी प्रत्यक्षात कोठे जात आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्टिअरिंगचा सेन्सर देतो; दुसऱ्याचे उत्तर चाकांची गती, गाडीच्या फिरण्याचा वेग आणि बाजूस बसणारा ओढा मोजणारे सेन्सर देतात. दोन्हींत तफावत आढळताच यंत्रणा गरजेनुसार एखाद्या चाकाचा ब्रेक लावते, इंजिनची शक्ती कमी करते आणि गाडीला मार्गावर आणते. स्टिअरिंगचा सेन्सर चुकीचे सांगू लागला, तर चालकाचा हेतूच यंत्रणेला कळत नाही.

तीन दशकांचा प्रवास

मर्सिडीज-बेंझ आणि बॉश यांनी विकसित केलेली ही यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास श्रेणीतील गाडीत प्रथम आली. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधील एका नियतकालिकाच्या चाचणीत, अचानक समोर आलेला अडथळा चुकवताना मर्सिडीजची छोटी ए-क्लास गाडी उलटली. त्यानंतर कंपनीने त्या गाडीत स्थिरता नियंत्रण सरसकट बसवले आणि महागड्या गाड्यांपुरते मर्यादित असलेले हे तंत्र लहान गाड्यांपर्यंत पोहोचले. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००७ मध्ये ही यंत्रणा टप्प्याटप्प्याने सक्तीची केली. तिच्यामुळे एकाच वाहनाचे अपघात मोटारींबाबत ३४ टक्क्यांनी, तर एसयूव्हींबाबत ५९ टक्क्यांनी घटतील, असा त्या वेळचा अंदाज होता.

भारतात १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही ऐच्छिक मूल्यांकन योजना लागू झाली. तिच्यात तीन किंवा अधिक तारे मिळवण्यासाठी स्थिरता नियंत्रण आवश्यक आहे. साहजिकच मध्यम किमतीच्या गाड्यांतही हा सेन्सर आता सर्रास आढळतो आणि त्याच्या दुरुस्तीचे ज्ञान छोट्या गॅरेजांनाही आवश्यक झाले आहे.

दिव्याची भाषा

हा दिवा क्षणभर लुकलुकला, तर यंत्रणा काम करीत असल्याचे समजावे. चित्रासोबत ‘ऑफ’ असे लिहिलेला दिवा सहसा बटण दाबून यंत्रणा बंद केल्याचे दर्शवतो. दिवा सतत जळत राहिला, तर मात्र बिघाड आहे. सोबत चढावर गाडी धरून ठेवणारी सुविधा बंद पडणे, मार्गिका राखण्यास मदत करणारी यंत्रणा न चालणे किंवा मागील कॅमेऱ्यातील वळणरेषा स्टिअरिंगबरोबर न हलणे, ही लक्षणे दिसू शकतात.

केवळ हाच दिवा लागला असेल, तर साधे ब्रेक आणि बहुतेक गाड्यांत एबीएसही कार्यरत राहते; गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल किंवा स्टिअरिंग अचानक जड झाले असेल, तर गाडी सुरक्षित जागी थांबवणेच योग्य. हॉर्न वाजत नाही आणि एअरबॅगचा दिवाही लागला आहे, अशी जोडी दिसल्यास संशय प्रथम स्टिअरिंगमागील गुंडाळीवर घ्यावा. तिची पट्टी तुटल्यास या सर्व सुविधा एकाच वेळी बंद पडतात.

निदान : स्वस्तापासून महागाकडे

तपासणीचा क्रम पाळल्यास अनावश्यक खर्च टळतो. सुरुवात टायरपासून करावी. चारही टायर एकाच मापाचे आणि योग्य हवेचे असावेत. त्यानंतर बॅटरी. इंजिन बंद असताना सुमारे १२.५ व्होल्ट आणि चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दाब मिळायला हवा. अशक्त बॅटरीमुळे अनेक सेन्सरांच्या खोट्या तक्रारी नोंदल्या जातात. पुढे संबंधित फ्यूज आणि जोडण्यांची पाहणी करावी. दिवा लागण्यापूर्वी काय घडले, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. अलाइनमेंट, बॅटरी बदल, स्टिअरिंग उतरवणे किंवा पुढील चाकाला बसलेला धक्का यांपैकी काही घडले असल्यास शून्यबिंदू हरवला असण्याची शक्यता अधिक असते.

यानंतर स्कॅनर जोडावा. मोबाइलवर चालणारी अनेक स्वस्त उपकरणे केवळ ‘पी’ अक्षराने सुरू होणारे इंजिनचे दोषसंकेत वाचतात. येथे ब्रेक आणि चॅसीच्या यंत्रणा वाचणारा स्कॅनर लागतो. ‘सी ००५१’ हा संकेत स्टिअरिंगची स्थिती मोजणाऱ्या सेन्सरशी निगडित आहे. ‘यू ०१२६’ म्हणजे सेन्सरशी संपर्क तुटला, तर ‘यू ०४२८’ म्हणजे त्याच्याकडून येणारी माहिती ग्राह्य नाही. कंपन्यांचे स्वतःचे संकेतही असतात. मात्र संकेत म्हणजे निकाल नव्हे. तपास कोणत्या दिशेने करायचा, एवढेच तो सांगतो.

खरा निर्णय सेन्सरच्या प्रत्यक्ष आकड्यांवरून होतो. चाके सरळ ठेवून स्कॅनरवर कोन पाहावा. तो शून्याच्या अगदी जवळ असावा. मग स्टिअरिंग हळूहळू दोन्ही टोकांपर्यंत वळवावे.

- आकडा अखंड वाढतो, घटतो, परंतु सरळ स्थितीत शून्यावर येत नाही : सेन्सर बहुधा ठीक आहे, शून्यबिंदू पुन्हा ठरवावा.
- आकडा मध्येच उडी मारतो, एखाद्या कोनावर अडकतो किंवा नाहीसा होतो : सेन्सर किंवा त्याची जोडणी सदोष आहे.
- आकडा मुळीच येत नाही : सेन्सर बदलण्यापूर्वी त्याचा वीजपुरवठा, अर्थ आणि संदेशवाहिनीच्या तारा तपासाव्यात.

शेवटच्या प्रसंगी मल्टिमीटर उपयोगी पडतो. बॅटरी सोडवलेली असताना कॅन वाहिनीच्या दोन तारांमध्ये अनेक गाड्यांत सुमारे ६० ओहम रोध मिळतो, कारण वाहिनीच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोधक समांतर जोडलेले असतात. १२० ओहम दिसल्यास एक बाजू तुटलेली असू शकते. शून्याजवळचे मूल्य तारा एकमेकींना चिकटल्याचे सुचवते.

बदल : एअरबॅगचे भान आवश्यक

सेन्सर खरोखरच निकामी ठरला, तर तो बदलण्याचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच द्यावे. सेन्सरपर्यंत पोहोचण्यासाठी चालकाची एअरबॅग उतरवावी लागते आणि तिच्यात स्फोटक चेतक असतो.

प्रथम चाके सरळ करून बॅटरीचे ऋण टोक सोडवले जाते. त्यानंतर एअरबॅग यंत्रणेतील साठलेली वीज ओसरेपर्यंत, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला अवधी थांबणे बंधनकारक आहे. एअरबॅगच्या जोडणीवर, जी बहुधा पिवळ्या रंगाची असते, मल्टिमीटर किंवा तपासणी दिवा कधीही लावू नये. उतरवलेली एअरबॅग फुगणारी बाजू वर करून, लोकांपासून दूर ठेवावी.

स्टिअरिंग व्हील काढण्यापूर्वी व्हील आणि दांडा यांवर जुळणीची खूण करावी. व्हील, मग गुंडाळी आणि त्यानंतर सेन्सर, असा क्रम सामान्यतः असतो. पुन्हा बसवताना गुंडाळी मध्यस्थितीत असणे अत्यावश्यक आहे. नव्या गुंडाळीला सहसा मध्यस्थिती राखणारी खीळ असते. ती बसवण्यापूर्वी काढून गुंडाळी फिरवल्यास पहिल्याच पूर्ण वळणात पट्टी तुटू शकते. स्टिअरिंगचा नट पुस्तिकेतील मापानुसार टॉर्क पान्यानेच आवळावा. सर्व जोडण्या झाल्यावरच बॅटरी जोडावी.

शून्य ठरवल्याविना काम अपुरे

नवा सेन्सर बसला म्हणजे दुरुस्ती संपली, हा मोठा गैरसमज आहे. ‘सरळ’ म्हणजे नेमके काय, हे नव्या सेन्सरला शिकवावे लागते. काही गाड्या स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून किंवा थोडे अंतर सरळ चालवून स्वतःच शिकतात. इतरांत स्कॅनरमधून आज्ञा द्यावी लागते. सपाट जागा, सरळ चाके आणि स्थिर गाडी या त्यासाठीच्या सर्वसाधारण अटी आहेत. काही गाड्यांत भाग नव्याने नोंदवावाही लागतो.

येथे क्रम निर्णायक ठरतो : आधी अलाइनमेंट, मग शून्यबिंदू. गाडी सरळ चालताना स्टिअरिंग तिरके राहत असेल, तर ते काढून दाते बदलून बसवण्याचा सोपा मार्ग काही ठिकाणी अवलंबला जातो. त्याने स्टिअरिंग सरळ दिसते, पण सेन्सरचा कोन चुकतो. योग्य उपाय टाय रॉडच्या समायोजनाचा आहे. चुकीचा शून्य काही वेळा दिवाही लावत नाही. अशा गाडीत यंत्रणा सरळ रस्त्यावर अकारण एखादा ब्रेक लावू शकते किंवा खऱ्या घसरणीत उशिरा जागी होऊ शकते.

सुट्या भागांची निवड

पहाडगंजहून देशबंधू गुप्ता मार्गाने करोलबाग गाठता येते. काश्मिरी गेटची सुट्या भागांची मोठी बाजारपेठही दूर नाही. दोन्हीकडे हा भाग मिळू शकतो. खरेदी करताना जुन्या सेन्सरवरील भाग क्रमांक आणि गाडीचा चॅसी क्रमांक जुळवून पाहावा, पक्के बिल घ्यावे. भंगारातील गाडीचा सेन्सर स्वस्त पडला, तरी तो दुसऱ्या गाडीशी जुळेलच असे नाही आणि त्याची झीज बाहेरून दिसत नाही.

ग्राहकाने गॅरेजला तीन गोष्टी विचाराव्यात : बदलण्यापूर्वी सेन्सरचे प्रत्यक्ष आकडे पाहिले का, बदलानंतर शून्यबिंदू ठरवला का आणि रस्त्यावरील चाचणीनंतर दोषसंकेत पुन्हा तपासला का. अलाइनमेंट करून घेतानाही शून्यबिंदूविषयी हाच प्रश्न विचारता येतो. या तिन्हींची उत्तरे होकारार्थी मिळाली आणि दिवा विझलेला राहिला, तरच पुढच्या घाटात स्थिरता नियंत्रण यंत्रणा चालकाच्या मदतीला येईल, असे मानता येते.