ठिणगीची निवड

आमच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, फियाट बंद पडली की पहिला संशय प्लगवर जाई. गॅरेजमधले उस्ताद प्लग काढत आणि हकिमाने जीभ पाहावी तसे त्याचे टोक पाहत. काळी काजळी असेल तर पेट्रोल जादा किंवा प्लग फार थंड; पांढराफटक असेल तर प्लग तापतोय; तपकिरी असेल तर तब्येत ठीक.

विजेची ठिणगी लेन्वारच्या इंजिनात १८६० मध्येच होती. पण १९०२ मध्ये बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याचा प्लग घडवला, तेव्हा मोटार भरवशाची झाली. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्यातून फियाट निघू लागल्या. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला. त्या काळी स्कूटरच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेले असे. प्लग लवकर काळा होई, म्हणून डिकीत जादा प्लग आणि पाना असायचाच.

प्लग ‘थंड’ की ‘गरम’ हे ठिणगीवरून ठरत नाही. टोकाची उष्णता तो किती लवकर बाहेर टाकतो, त्यावर ते ठरते. हे न समजल्याने मी एकदा फसलो. उन्हाळा होता. दुकानदार म्हणाला, “मोठ्या नंबरचा घ्या, थंड असतो.” मी घेतला. चाळीसगावहून परतताना कन्नड घाटात इंजिन ठोके देऊ लागले. उस्तादांनी प्लग काढून दाखवला, पांढरा पडलेला. म्हणाले, “मियाँ, थोडं आणखी चालवलं असतं तर पिस्टन गेला असता.” एनजीकेचा नंबर वाढला की प्लग थंड होतो, बॉशचा वाढला की गरम. दुकानदाराने एकाचा नियम दुसऱ्याला लावला होता.

१ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, प्लगवर शिशाचा थर बसणे थांबले. आता इरिडियमचे प्लग वर्षानुवर्षे टिकतात. तरीही नवा घेताना गाडीच्या पुस्तिकेतला नंबर, आटे आणि फट पाहावी. महाग तोच योग्य असे नसते.

१९७२ मध्ये आलेली चेतक २०२० मध्ये विजेवर परतली. तिच्यात प्लगच नाही. उस्तादांनी तिचे काय पाहून तब्येत सांगितली असती, कोण जाणे!