सभासद ते गिऱ्हाईक : पनवेलच्या वाटेवरचा किराणा

सुपरमार्केटची चर्चा निघाली की आपल्याकडे दोनच पात्रे रंगमंचावर येतात : कोपऱ्यावरचा वाणी आणि परदेशी भांडवल. 2012 साली बहुब्रँड किरकोळ व्यापारात 51 टक्क्यांपर्यंत परकी गुंतवणुकीस परवानगी मिळाली, तेव्हाचा सारा वाद याच द्वंद्वाभोवती फिरला. पनवेल आणि त्याच्या परिसराचा इतिहास पाहिला, तर या नाटकातले तिसरे पात्र आपण विसरलो आहोत हे ध्यानात येते. ते पात्र म्हणजे संघटित ग्राहक.

पनवेल ही मुळात मालाने वाहन बदलण्याची जागा. मुंबईहून गलबतांनी खाडीत आलेला माल येथे बैलगाड्यांवर चढे आणि घाटाकडे निघे. 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाल्यावर हा ओघ वाढला. येथे बनणाऱ्या गाडीच्या चाकांना देशावरचे गाडीवान किती मान देत, याची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरांत आहे. 1852 साली येथे नगरपालिकाही स्थापन झाली. परंतु 1863 मध्ये कर्जतमार्गे घाटातील रेल्वे पूर्ण झाली आणि मालाचा मुख्य प्रवाह पनवेलला वळसा घालून जाऊ लागला. पेठ टिकली, मात्र ती तालुक्यापुरती उरली.

आधुनिक किराणा दुकानाची मराठी कथा त्यामुळे पनवेलात नव्हे, तर मुंबईच्या गिरणगावात सुरू होते. महायुद्धकालीन रेशनिंग, टंचाई आणि काळा बाजार यांनी गांजलेल्या नायगावच्या कामगारवस्तीत 1948 साली एक ग्राहक सहकारी संस्था उभी राहिली. तीच पुढे 'अपना बाजार' म्हणून घरोघरी पोहोचली. 1962 नंतर केंद्र सरकारनेही ग्राहक सहकारी भांडारांना प्रोत्साहन दिले. 1966 च्या रुपयाच्या अवमूल्यनानंतर दिल्लीत 'सुपर बाजार' उघडला. मुंबईत 1968 साली 'सहकारी भांडार' आले. 1975 साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानच वगळले : शेजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची आणि आलेला माल आपापसांत वाटून घ्यायचा.

गिऱ्हाइकाने स्वतः फळीवरून वस्तू उचलावी, ही स्वयंसेवेची कल्पना अमेरिकेतील मेम्फिस येथे 1916 साली 'पिगली विगली' या दुकानाने रूढ केली, हे खरे. पण आपल्याकडील अनेक मध्यमवर्गीय व कामगार कुटुंबांना मोठ्या, एकछत्री, रास्त भावाच्या दुकानाची सवय लावली ती सहकाराने. याचा बोलका पुरावा पनवेलपासून फार दूर नाही. राधाकिशन दमाणी यांनी या व्यवसायात पहिले पाऊल टाकले ते 1999 च्या सुमारास, नवी मुंबईतील नेरूळ येथे, 'अपना बाजार'चीच फ्रँचायझी घेऊन. 'डी-मार्ट'चे पहिले दुकान पवईत निघाले ते त्यानंतर, 2002 साली.

दरम्यान पनवेलचे भाग्य पुन्हा रस्त्यांनीच पालटले. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, मुंबईतला घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याकडे सरकला, पुढे लोकल आली, द्रुतगती मार्ग झाला. 2016 साली महानगरपालिकाही झाली. नव्या वसाहतींत राहायला आलेल्यांचे कुठल्याच वाण्याकडे पिढीजात खाते नव्हते. सुपरमार्केटला याहून अनुकूल भूमी कोणती?

मग सहकार का मागे पडला? केवळ ढिसाळपणाकडे बोट दाखवून भागत नाही. एक सभासद, एक मत, आणि लाभांशावर मर्यादा, या तत्त्वांवर चालणाऱ्या संस्थेला मोठे भांडवल उभारणे अवघड असते. 'डी-मार्ट'ने मात्र बहुतांश जागा स्वतःच्या मालकीच्या घेतल्या, पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून भाव पाडून घेतला, आणि तो फायदा दरात दिसू दिला. स्वस्ताईचे सहकाराचे वचन खासगी भांडवलाने अधिक कार्यक्षमतेने पाळले, हे मान्य करायला हवे.

वाणी अजून आहे. तो उधारी देतो, फोनवर सामान घरपोच पाठवतो. हरवला आहे तो सभासद. सुपरमार्केटातल्या गिऱ्हाइकाला वस्तू निवडण्याचे स्वातंत्र्य आहे. पण डाळीचा भाव असा का ठरला, नफ्याचे काय झाले, हे वार्षिक सभेत उभे राहून विचारण्याचा जो अधिकार नायगावच्या कामगाराने कमावला होता, तो त्याच्यापाशी नाही. त्या अधिकाराची किंमत पावतीवर छापलेल्या बचतीत धरलेली नसते.