मोहिनीचा इतिहास, व्हाया चिंचपोकळी

दुसऱ्याचं मन आपल्या मुठीत असावं ही इच्छा माणसाला पहिल्यांदा केव्हा झाली, याची नोंद कुठल्याही बखरीत नाही. माझा अंदाज असा, की ज्या दिवशी दोन माणसं पहिल्यांदा एका खोलीत राहायला लागली, त्याच दिवशी संध्याकाळी झाली असावी. आमच्या चिंचपोकळीत दहा बाय बाराच्या खोलीत आठ-आठ माणसं नांदत. तेव्हा तिथं ही इच्छा किती उत्कट असेल, ते तुम्हीच ताडा. लोकलच्या डब्यात वशीकरणाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असायच्या. 'साहेब चोवीस तासांत वश' अशी त्यांत हमी. पण त्या वाचणारे आम्ही सगळे लेट मस्टरवाले. साहेबाच्या टेबलापाशी पोचायला पंधरा मिनिटं उरलेली, तिथं चोवीस तास आणायचे कुठून?

हा प्रश्न माझ्यापुढं पुन्हा उभा राहिला तो आमच्या पुतण्यामुळं. हा मुलगा आणि त्याचे चार मित्र दर रविवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ खेळतात. खेळ अमेरिकेतला, १९७४ सालचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला. यात पट असलाच पाहिजे असं नाही, सोंगट्याही नसल्या तरी चालतं. एकानं सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि अडलं की फासा टाकायचा. फासा वीस बाजूंचा. आमच्या पिढीनं सहा बाजूंच्या फाशावर महाभारत घडलेलं ऐकलं होतं. वीस बाजूंचा मिळता तर शकुनीनं काय केलं असतं, या विचारानं मला घाम फुटला.

"काका," पुतण्या म्हणाला, "मला दुसऱ्याच्या मनावर ताबा मिळवणारं पात्र घ्यायचंय. तीन प्रकार आहेत. कुठला घेऊ?"

जन्मात पहिल्यांदा घरातल्या कुणीतरी मला निवड विचारली होती. मी चष्मा पुसून सविस्तर माहिती घेतली. पहिला प्रकार पोथीवाल्या जादूगाराचा. हा वर्षानुवर्षं ग्रंथ घोकून मोहिनी शिकतो. म्हणजे आपला क्लासेस लावून पास होणारा विद्यार्थी. १९८९ साली निघालेल्या आवृत्तीत अशा मोहिनीवाल्यांची स्वतंत्र शाखाच झाली. दुसरा गाणारा. तो गळ्याच्या जोरावर लोकांना भारून टाकतो; त्याला आपल्याकडे शाहीर म्हणतात. तिसऱ्याला विद्याही नाही आणि गळाही नाही. त्यानं कुणा बड्या अमानवी शक्तीशी करार केलेला असतो आणि तिच्या जिवावर हा दुसऱ्याच्या डोक्यात शिरतो. "म्हणजे वशिल्याचा तट्टू!" मी म्हणालो. पुतण्यानं ते नाव लगेच वहीत टिपून घेतलं.

आता सल्ला द्यायचा तर पाया भक्कम पाहिजे, म्हणून मी या विद्येचा इतिहास चाळला. त्यात पहिला भेटतो फ्रान्झ मेस्मर. हा व्हिएन्नाचा डॉक्टर १७७८ साली पॅरिसला आला आणि माणसाच्या अंगातून एक अदृश्य चुंबकी प्रवाह वाहतो असं सांगून त्यानं अर्धं शहर नादी लावलं. लोकांना झटके येत, मूर्च्छा येत, आणि बरंही वाटे. शेवटी १७८४ साली फ्रान्सच्या राजानं चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन, लाव्हाझिए अशी बडी मंडळी तीत होती. त्यांनी फ्रँकलिनच्या बागेतलं एक जर्दाळूचं झाड मेस्मरच्या शिष्याकडून मंतरून घेतलं आणि एका मुलाचे डोळे बांधून त्याला झाडाझाडापाशी नेलं. मुलगा चौथ्या झाडापाशी बेशुद्ध पडला. मंतरलेलं झाड भलतीकडेच होतं! समितीनं निकाल दिला, की प्रवाह वगैरे काही नाही, हा सगळा कल्पनेचा खेळ. चिंचेच्या झाडाखालून रात्री रामनाम घेत पळालेल्या कुठल्याही कोकणी माणसानं हा निकाल समितीचा भत्ता न घेता दिला असता. आमच्या तर गावाच्या नावातच चिंच आहे.

पण खरी गंमत पुढं आहे, आणि ती आपल्या शेजारच्या माणसानं केली. गोव्यातल्या कांदोळीला १७५६ साली जन्मलेला जुझे कुस्तोदियो फारिया, म्हणजेच आबे फारिया. बापाबरोबर लिस्बनला गेला, रोमला शिकून धर्मगुरू झाला. त्याची एक कथा गोव्यात अजून सांगतात. मोठमोठ्या लोकांसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि त्याची वाचाच बसली. तेव्हा बाप खालून हळूच कोंकणीत म्हणाला, 'ही सगळी भाजी, कातर रे भाजी!' समोर बसलेत ते सगळे मुळे-भोपळे, चिरून टाक. आणि पोरगा घडाघडा बोलायला लागला. कथा खरी असो वा नसो, एका वाक्यानं माणसाचं मन कसं फिरतं ते सांगायला ती पुरेशी आहे.

हा फारिया १८१३ साली पॅरिसमध्ये मोहनिद्रेचे जाहीर प्रयोग करू लागला. ना लोहचुंबक, ना हातवारे. माणसाला खुर्चीत बसवायचं, डोळे मिटायला सांगायचं आणि ठणकावून म्हणायचं, 'झोपा!' माणूस झोपायचा. (आमच्या कचेरीत ही आज्ञा न देताही दुपारी दोननंतर पाळली जाई.) पण लोकांनी विचारलं, की तुमच्या अंगात ही शक्ती आली कुठून, तेव्हा फारियानं जे उत्तर दिलं ते आजवर कुठल्याही बाबानं दिलेलं नाही. तो म्हणाला, शक्ती माझ्यात नाहीच. जी काही आहे ती झोपणाऱ्यात आहे. १८१९ साली त्यानं हे पुस्तकात मांडलं आणि त्याच वर्षी तो वारला. जिवंतपणी पॅरिसनं त्याच्यावर फार्स लिहून तो रंगभूमीवर आणला. मेल्यावर द्युमानं त्याचं नाव उचलून कादंबरीतल्या कैद्याला दिलं. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, १९४५ सालचा. एक बाई मागे कललेली आणि हा दोन्ही हात पसरून उभा. पाहणाऱ्याला वाटतं, सगळी करामत त्या हातांची. बिचाऱ्याचा जन्म 'हातांत काही नाही' हे सांगण्यात गेला, आणि पुतळ्यात नेमके हातच राहिले.

हे सगळं मी पुतण्याला ऐकवलं, तर तो म्हणाला, "काका, हे तर आमच्या नियमातच आहे!" आणि खरंच आहे. १९७४ सालापासून त्या खेळात मोहिनीमंत्र आहे. पण मंत्र म्हटला म्हणजे काम झालं असं नाही. ज्याच्यावर टाकला, तोही आपला फासा टाकतो. आकडा चांगला पडला की मोहिनी फुकट. २०१४ सालच्या पुस्तकात आणखी दोन कलमं आहेत. एक, दुसऱ्याला काही सुचवायचं तर ते त्याला पटेल असंच सुचवलं पाहिजे. दुसरं, मोहिनी उतरली की त्याला समजतं, आपल्यावर कुणी प्रयोग केला होता. हे दुसरं कलम आपल्या निवडणुकांना लागू नाही, एवढाच काय तो फरक.

मग मी त्याला शाहीर घे म्हटलं. कारण पोथीवाले आणि वशिलेवाले मी कचेरीत भरपूर पाहिले होते, पण शाहिराची गोष्ट गिरणगावात वेगळीच होती. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. पुढं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफावर थाप पडली की लालबाग-परळच्या मैदानात माणूस मावत नसे. बाहेरचे लोक म्हणायचे, शाहिरांनी कामगारांवर जादू केली. अहो, कसली जादू? रात्रपाळी करून आलेला माणूस जागा राहून ऐकतो, तो त्याच्याच पोटातलं कुणीतरी सुरात म्हणत असतं म्हणून. पटेल तेच सुचवलं पाहिजे, हे कलम शाहिरांना पुस्तकाआधीच ठाऊक होतं.

हीच 'जादू' पुन्हा कानावर आली ती १९८२ साली. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे २,५०,००० कामगार बाहेर पडले. पांढरपेशा वस्तीत, लोकलच्या पहिल्या वर्गात एकच वाक्य ऐकू येई: डॉक्टर दत्ता सामंतांनी या अडाण्यांवर मोहिनी घातली. आमच्या शेजारी एक साचेवाले होते. दोन महिने गेले, पितळेची भांडी गेली, बायकोचं मंगळसूत्र गेलं. एक दिवस मी त्यांना हे वाक्य सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मोहिनी असती ना, तर भूक लागली नसती. आम्हांला रोज लागते. रोज सकाळी उठून ठरवतो, आज पण जायचं नाही."

इतिहासही त्यांच्याच बाजूचा आहे. १९८१ सालच्या दिवाळीत बोनसवरून बिनसलं, तेव्हा सामंत गिरणगावात आले नव्हते. कामगारच चालत घाटकोपरला त्यांच्या दारात गेले होते, आमचं पुढारीपण घ्या म्हणून. मग कुणी कुणाला वश केलं? तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. गिरण्या गेल्या, भोंगे गेले, त्या जागी काचेचे मनोरे आले. साचेवाले गावी गेले ते परत आले नाहीत. ते हरले हे खरं. पण हरलेल्या माणसाला 'तू भुललास' म्हणणं म्हणजे त्याच्या हातातला फासा काढून घेणं. त्यांनी तो रोज सकाळी स्वतः टाकला होता. आकडा वाईट पडला, पण हात त्यांचाच होता.