अबोल झालेल्यांबरोबर नाचणारी बाई

मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. पण कॉलेजात जाणाऱ्या माझ्या लेकीने एका परदेशी बाईंची हकीकत मला वाचून दाखविली, ती आपल्यापुढे ठेवल्यावाचून राहवत नाही. नाच म्हणजे करमणूक, फार तर कला, असे आपण धरून चालतो. या बाईंनी तो मनोरुग्णांच्या इस्पितळात नेला.

त्यांचे नाव मॅरियन चेस. जन्म १८९६ सालचा, अमेरिकेतील ऱ्होड आयलंड प्रांतातला. तरुणपणी पाण्यात सूर मारताना त्यांच्या पाठीला इजा झाली आणि पाठ बळकट व्हावी म्हणून डॉक्टरांनीच त्यांना नाच शिकायला सांगितले! पुढे न्यूयॉर्कला रूथ सेंट डेनिस व टेड शॉन यांच्या नामांकित शाळेत शिकून त्यांनी वॉशिंग्टनला स्वतःचा नृत्यवर्ग काढला. त्या वर्गात त्यांच्या ध्यानी आले, की कित्येक मुलींना रंगभूमीवर जायचेच नाही, तरी त्या नेमाने येतात. मग या येतात कशासाठी? चेसबाई प्रत्येकीचे चालणे, उभे राहणे, खांदे पाडणे निरखू लागल्या आणि तिच्या गरजेप्रमाणे शिकवू लागल्या. हळूहळू शहरातले डॉक्टर आपले रोगी त्यांच्याकडे पाठवू लागले.

वॉशिंग्टनलाच सेंट एलिझाबेथ नावाचे सरकारी मनोरुग्णालय होते. डोरोथिया डिक्स या बाईंच्या खटपटीने ते १८५५ साली उघडले. १९४२ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, चेसबाईंना तेथे बोलावणे आले. रोगी हजारोंनी, त्यांत लढाईने मन मोडलेले शिपाई, आणि डॉक्टर मोजके. मनावरच्या आजच्यासारख्या गोळ्या अमेरिकेत १९५४ नंतर आल्या. तोवर विजेचे झटके, इन्सुलिन देऊन आणलेली बेशुद्धी, नाही तर मेंदूवर शस्त्रक्रिया, असले उपाय चालत. बोलून बरे करावे तर कित्येकांनी वर्षानुवर्षे तोंडच उघडलेले नसे.

अशा खोलीत बाई तबकड्या आणि वाजवायचे यंत्र घेऊन जात. सुरुवातीला पुष्कळदा साधीशी वॉल्ट्झची चाल. ‘उठा, नाचा’ असे म्हणणे नाही, पावले शिकविणे नाही. कोणी कोपऱ्यात बसून नुसता झुलत असेल, तर त्या त्याच्याजवळ जाऊन तसेच झुलत. कोणी मूठ आवळून हात आपटीत असेल, तर तोच हिसका आपल्या अंगी घेत. नक्कल करून हिणवणे नव्हे हं! ‘तुझे मला कळते आहे’ हे त्या शब्दांवाचून सांगत. मग समोरचा क्षणभर वर बघे, हालचाल थोडी बदले, बाईही बदलत. असे एकेकाला घेत घेत गोल होई, सगळे मिळून एका ठेक्यावर हलू लागत. आपली फुगडी आठवा. जोडीदारणीवर भार टाकल्याशिवाय ती फिरतच नाही आणि टाकायचा तर हातांवर विश्वास लागतो. माणसांतून उठलेल्या जिवाला पुन्हा माणसांत आणण्यासाठी त्या गोलाचे काम असेच काहीसे असावे, असे मला वाटते.

हे ऐकताना मला माझ्या माहेरच्या गल्लीतल्या एक काकू दिसत होत्या. दुसऱ्या बाळंतपणानंतर त्या बोलेनाशा झाल्या. अंगारे झाले, धुपारे झाले, शेवटी खोलीला बाहेरून कडी. खिडकीच्या गजावर त्या बोटांनी सारखा ठेका धरीत आणि आम्ही मुली घाबरून पळत असू. तो ठेका कोणी उचलला असता तर काय झाले असते, कोण जाणे.

मात्र नाचाने वेड पळते, असा कोणी अर्थ घेऊ नये. चेसबाई डॉक्टरांच्या बरोबरीने काम करीत. आजही ज्याला औषध हवे त्याला ते द्यावेच लागते. प्रसूतीनंतर सूनबाई गप्प झाली तर आधी डॉक्टर गाठावा, हे येथे सांगून ठेवते.

१९६६ साली अमेरिकेत या उपचाराची संघटना निघाली आणि चेसबाई तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १९७० साली त्या वारल्या.

आपल्या देशात कोलकात्याला सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ साली ‘कोलकाता संवेद’ ही संस्था काढली. देहविक्रयाच्या बाजारातून सोडविलेल्या मुलींसाठी तेथे हाच मार्ग वापरतात. ज्या देहाचा बाजार मांडला गेला, त्याची त्या मुलींना किळस वाटते, भीती वाटते. तो पुन्हा आपलासा करायचा, तर नुसत्या उपदेशाने कसा होणार? आपल्या मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनेही या संस्थेबरोबर नृत्योपचाराचा अभ्यासक्रम चालविला. आणि कोलकात्याच्या ज्या मुली आधी भिंतीला टेकून उभ्या राहत, त्यांतल्या काही पुढे स्वतः शिकून तयार झाल्या आणि नव्या आलेल्या मुलींना गोलात घेऊ लागल्या.