हायड्रॉलिक ब्रेक आणि कोकणातील घाटवाहतूक : दोषनिदानाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

१९९० च्या दशकात कोकण रेल्वे येईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्याची जमिनीवरील वाहतूक सर्वस्वी रस्त्यांवर अवलंबून होती. कोल्हापूरसाठी आंबा घाट, कराडसाठी कुंभार्ली घाट आणि मुंबईसाठी कशेडी घाट ओलांडणे अपरिहार्य होते. घाटातील अपघातांच्या वृत्तांत ‘ब्रेक निकामी झाल्याने’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. मात्र या एकाच शब्दप्रयोगात भिन्न स्वरूपाचे अनेक दोष सामावलेले असतात. प्रस्तुत लेखात मोटारीच्या हायड्रॉलिक ब्रेकचा विकास आणि त्याच्या दोषनिदानाचे स्वरूप यांचा परामर्श घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

आरंभीच्या मोटारींत ब्रेक सळ्या व तारा यांच्या साहाय्याने लावले जात. सळई वाकली किंवा तार तुटली, तर तो दोष डोळ्यांना दिसे. माल्कम लॉकहीड यांनी १९१७ मध्ये द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट मिळविले. १९२१ मध्ये अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक बसविण्यात आले. १९२४ च्या क्रायस्लर मोटारीमुळे या पद्धतीचा प्रसार झाला. महाराष्ट्रात प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या (स्थापना १९४४) कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेल्या फियाट व पद्मिनी या मोटारींतही हायड्रॉलिक ब्रेक होते. या बदलामुळे चारही चाकांना समान दाब मिळू लागला. परंतु दोष नळ्यांच्या आत, दृष्टीआड गेला. परिणामी पायडलचा पायाला होणारा स्पर्श हेच निदानाचे पहिले साधन ठरले.

दोषनिदानाचे स्वरूप

पायडल स्पंजासारखे मऊ लागल्यास नळ्यांत हवा शिरल्याचा संशय येतो. द्रव दाबला जात नाही, हवा मात्र दाबली जाते. अशा वेळी चाकाजवळील निपल सैल करून हवा काढावी लागते. इंजिन सुरू ठेवून पायडलवर स्थिर दाब दिला असता ते हळूहळू खाली बसत गेले आणि टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी घटली, तर चाकाचा सिलिंडर, रबरी होज किंवा नळीचा सांधा येथे गळती शोधावी लागते. पातळी कायम राहून पायडल बसत असल्यास मास्टर सिलिंडरमधील रबरी वॉशर झिजल्याची शक्यता अधिक असते. कारण त्या स्थितीत द्रव बाहेर न सांडता वॉशरला वळसा घालून मागे परततो.

कोकणातील हवामानाचा या संदर्भात विशेष विचार करणे आवश्यक आहे. प्रचलित ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ३’ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो; सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर या प्रतीसाठी ही किमान मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. दीर्घ उतारावर सतत ब्रेक लावल्याने ऑइल उकळून वाफ होते आणि पायडल एकाएकी मऊ पडते. मोटार थंड झाल्यावर हाच दोष नाहीसा झाल्यासारखा भासतो. वारंवार पायडल मारून तात्पुरता ब्रेक लागतो, तेव्हाही मूळ कारण तसेच राहते.

निष्कर्ष

‘ब्रेक निकामी’ हे निदान नसून केवळ परिणामाचे वर्णन आहे. हवा, गळती, झिजलेले रबर आणि ओलावा शोषलेले ऑइल यांचा उगम निरनिराळा असून त्यांपैकी बहुतेकांची पूर्वसूचना घाटापूर्वीच मिळू शकते. नोंदींत नेमके कारण न आल्यास यंत्रातील बिघाड आणि देखभालीतील हयगय यांतील भेद पुसला जातो. वाहतुकीच्या इतिहासलेखनाने म्हणूनच अशा नोंदी सावधपणे वाचणे आणि मिस्त्रींचे अनुभवसिद्ध ज्ञानही साधन म्हणून विचारात घेणे आवश्यक ठरते.