आनुवंशिक अँजिओएडिमा आणि विषाणूसंसर्ग : धोका नेमका कुठे?

आनुवंशिक अँजिओएडिमा हा सुमारे ५० हजारांत एकाला होणारा दुर्मीळ विकार आहे. या विकारात ओठ, पापण्या, हात, पाय, आतडी किंवा घसा यांना अचानक सूज येते. ती काही तासांत वाढते आणि उपचार न केल्यास साधारणतः दोन ते पाच दिवसांत ओसरते. या सुजेला खाज नसते व अंगावर पित्ताच्या गांधी उठत नाहीत. आतड्याला सूज आल्यास असह्य पोटदुखी व उलट्या होतात. स्वरयंत्राला सूज आल्यास मात्र श्वासमार्ग बंद होऊन जीवावर बेतू शकते.

हा विकार कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालतो, याची नोंद विल्यम ऑस्लर यांनी १८८८ मध्ये एकाच घराण्यातील पाच पिढ्यांच्या आधारे केली. त्याचे मूळ १९६३ मध्ये उलगडले. रक्तातील ‘सी-१ इन्हिबिटर’ हे प्रथिन अशा रुग्णांत कमी असते किंवा असूनही निकामी असते. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा विकार असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत मात्र जनुकातील बदल नव्यानेच घडलेला असतो. त्यामुळे घरात पूर्वी कोणाला हा त्रास नव्हता, एवढ्यावरून निदान नाकारता येत नाही.

सी-१ इन्हिबिटर हे कॅलिक्रीन या विकराला आवर घालते. हा आवर सुटला की ब्रॅडिकायनिन नावाचे द्रव्य अधिक प्रमाणात तयार होते, रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि रक्तातील द्रव ऊतींमध्ये झिरपतो. हीच ती सूज. ॲलर्जीची सूज हिस्टामिनमुळे येते. दोन्ही दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची कारणे व औषधे भिन्न आहेत.

कोविडची साथ आली तेव्हा या रुग्णांविषयी वैद्यकक्षेत्रात विशेष चिंता व्यक्त झाली. सार्स-कोव्ह-२ हा विषाणू पेशीत शिरण्यासाठी एसीई-२ या विकराचा आधार घेतो आणि हेच विकर ब्रॅडिकायनिनपासून बनणाऱ्या एका सक्रिय द्रव्याचे विघटन करते. विषाणूमुळे त्याचे कार्य मंदावले, तर फुप्फुसांतील रक्तवाहिन्या झिरपू लागतील, असा तर्क नेदरलँड्समधील नायमेगन येथील संशोधकांनी २०२० मध्ये मांडला. आनुवंशिक अँजिओएडिमात वापरले जाणारे इकॅटिबंट हे औषध त्यांनी कोविडच्या मोजक्या रुग्णांना देऊनही पाहिले. ज्यांच्या शरीरात ब्रॅडिकायनिनवरील नियंत्रण मुळातच दुबळे आहे, त्यांना कोविड अधिक तीव्र होईल, ही भीती याच तर्कातून आली.

प्रत्यक्ष अनुभव तुलनेने दिलासा देणारा ठरला. निरनिराळ्या देशांतून प्रसिद्ध झालेल्या छोट्या रुग्णमालिकांत बहुसंख्य रुग्णांचा कोविड सौम्य राहिला. या विकारामुळेच फुप्फुसांचा आजार बळावतो, असे त्यांतून सिद्ध झाले नाही. मात्र संसर्गाच्या काळात काहींना सुजेचे झटके आले. यात नवल नाही. सर्दी, फ्लू यांसारखे संसर्ग, मानसिक ताण व लहानसहान इजा हे झटक्यांचे परिचित उद्दीपक आहेत.

म्हणजे धोका विषाणूच्या तीव्रतेपेक्षा संसर्गाने चेतवलेल्या झटक्यात आणि तो न ओळखण्यात अधिक आहे. तापाच्या रुग्णाचा घसा दुखणे ही नेहमीची बाब. पण आवाज बदलणे, गिळता न येणे किंवा श्वास घेताना घरघर होणे हे स्वरयंत्राच्या सुजेचे लक्षण असू शकते. अशा वेळी ॲलर्जी समजून दिलेली अँटिहिस्टामिन, स्टेरॉइड व ॲड्रिनालिन ही औषधे या सुजेवर परिणामकारक ठरत नाहीत. कोविडच्या गंभीर न्यूमोनियात डेक्सामेथासोन उपयुक्त ठरते, परंतु त्याने ही सूज शमत नाही. श्वासनलिकेत नळी घालण्यानेही झटका येऊ शकतो. म्हणून शक्य असल्यास त्याआधी सी-१ इन्हिबिटर दिले जाते.

झटक्यावर सी-१ इन्हिबिटर किंवा इकॅटिबंट ही खरी औषधे होत. भारतात ती दीर्घकाळ सहज मिळत नसल्याने फ्रेश फ्रोझन प्लाझ्माचा आधार घेतला जात आला. त्यात हे प्रथिन नैसर्गिकरीत्या असते. झटके टाळण्यासाठी डॅनाझोल व ट्रानेक्झामिक ॲसिड दिले जाते. संसर्ग झाला म्हणून ही प्रतिबंधक औषधे वैद्यकीय सल्ल्याविना बंद करू नयेत. रक्तदाबासाठीच्या एनालाप्रिल, रॅमिप्रिल या वर्गातील गोळ्या आणि इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या मात्र टाळाव्यात. काहींना लस घेतल्यानंतर झटका आला असला, तरी हा विकार लसीकरणास अडसर मानला जात नाही.

वारंवार, खाजविरहित आणि ॲलर्जीच्या औषधांना दाद न देणारी सूज येत असल्यास रक्तातील सी-४ तसेच सी-१ इन्हिबिटरचे प्रमाण व कार्य तपासून घ्यावे. निदान झालेल्या व्यक्तीने विकाराचे नाव, चालू औषधे आणि झटक्यातील उपचार लिहिलेले कार्ड सदैव जवळ ठेवावे. घशाची सूज आलेल्या रुग्णाला बोलता येईलच असे नाही. तेव्हा ते कार्डच डॉक्टरांना योग्य उपचाराची दिशा दाखवते.