सप्तकाचे १२०० भाग : सॅम्पलरमधील सुराचा इतिहास

१/
संगणकावरील कोणताही सॅम्पलर उघडला की ध्वनिमुद्रित नमुन्यासमोर तीन आकडे दिसतात : मूळ पट्टी म्हणजे ‘रूट की’, अर्धस्वरांचे ट्यूनिंग आणि सेंटमधील सूक्ष्म ट्यूनिंग. हे आकडे वरवर तांत्रिक वाटतात. मात्र त्यांच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि एक जुना वादही आहे : ‘सुरात’ म्हणजे नेमके कशात, हे कोणी ठरवायचे?

२/
आरंभ संगणकापूर्वीचा आहे. १८८५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर एलिस यांनी विविध राष्ट्रांच्या स्वरसप्तकांवरील आपला निबंध मांडला. सप्तकाचे १२०० समान भाग कल्पून त्यांनी प्रत्येक भागास ‘सेंट’ म्हटले. पियानोच्या दोन लगतच्या पट्ट्यांत १०० सेंट. एलिस यांचा स्वतःचा कान तयार नव्हता. ऐकण्याच्या कामी त्यांना आल्फ्रेड हिपकिन्स यांचे साहाय्य होते.

३/
भारत, जावा, चीन, जपान येथील सप्तके मोजून एलिस यांनी निष्कर्ष काढला, की निसर्गाने सर्व मानवजातीला दिलेले असे एकच सप्तक नाही. विशेष म्हणजे, ज्या मापाने त्यांनी ही विविधता सिद्ध केली, तेच माप पुढे सर्व यंत्रांत समान १०० सेंटांच्या चौकटीत जाऊन बसले.

४/
महाराष्ट्रातही हा प्रश्न पेटला होता. १९१० साली कृष्णाजी बल्लाळ देवल यांचे बावीस श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक पुण्यातून प्रसिद्ध झाले. तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गांधार षड्जापासून ५:४ या प्रमाणात, म्हणजे सुमारे ३८६ सेंटांवर असतो. पेटीचा समविभागी गांधार ४०० वर. हा १४ सेंटांचा फरक तयार कानाला खुपतो. देवलांची मांडणी सर्वमान्य झाली नाही. पण पेटीविषयीचा आक्षेप टिकला. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला दूर ठेवले.

५/
आता यंत्रांकडे. १९६३ साली इंग्लंडमध्ये मेलोट्रॉन आले. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली स्वतंत्र ध्वनिफीत असे. प्रत्येक स्वर वेगळा मुद्रित केल्यामुळे एका नमुन्यातून दुसरा स्वर काढण्याची गरजच नव्हती. किंमत मात्र वेगळीच मोजावी लागे : फीत जेमतेम आठ सेकंदांची आणि यंत्र अवजड.

६/
१९७९ साली सिडनी येथे पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी फेअरलाइट हे संगणकीय वाद्य आणले. त्यात एकच छोटा नमुना स्मृतीत साठवून तो वेगवेगळ्या गतीने वाचला जाई. गती दुप्पट केली की स्वर एक सप्तक वर जातो. एक अर्धस्वर चढवायचा तर गती सुमारे १.०५९५ पट करावी लागते.

७/
या युक्तीत एक खोट होती. स्वर वर गेला की नमुना तेवढाच आखूड होतो आणि त्याचा पोतही बदलतो. माणसाचा आवाज बाहुल्यांच्या खेळातला वाटू लागतो. यावर उपाय म्हणजे दर काही पट्ट्यांनंतर नवा नमुना घेणे. १९९८ साली गिगासॅम्पलरने नमुने थेट हार्ड डिस्कवरून वाजवणे शक्य केले. मग पियानोची प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे मुद्रित करणे परवडू लागले. मेलोट्रॉनची पद्धत निराळ्या रूपात परत आली.

८/
१९८३ साली मिडी हे मानक आले आणि पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक मिळाले. क्रमांक ६० म्हणजे पियानोचा मधला ‘सी’. मूळ पट्टी नोंदवलेली नसेल, तर अनेक सॅम्पलर ६० हाच क्रमांक गृहीत धरतात. समजा, नमुना ६९ क्रमांकाच्या ‘ए’ स्वराचा आहे. मग मधला ‘सी’ दाबला तरी ‘ए’च वाजतो आणि सारे वाद्य नऊ अर्धस्वर चढे लागते. त्यात भर म्हणजे ६० ला काही कंपन्या ‘सी ३’ म्हणतात, तर काही ‘सी ४’; त्यामुळे सबंध सप्तकाची चूक सहज होते.

९/
दुसरी चूक अधिक फसवी असते. सेकंदाला ४४,१०० नोंदी घेतलेला नमुना ४८,००० च्या गतीने वाचला गेला, तर सूर सुमारे १४७ सेंट, म्हणजे जवळजवळ दीड अर्धस्वर, चढतो. अशा वेळी ट्यूनिंगचा आकडा फिरवत बसणे व्यर्थ असते. आधी गती तपासावी लागते. क्रमही तोच योग्य : प्रथम नोंदींची गती, मग मूळ पट्टी, आणि शेवटी सेंट.

१०/
एवढे करूनही देवलांचा प्रश्न उरतोच. मिडीची पट्टी समविभागी सप्तक गृहीत धरते आणि ‘पिच बेंड’ वाहिनीवरील सगळेच स्वर एकदम हलवतो. म्हणून प्रत्येक पट्टीचे स्थान स्वतंत्रपणे सांगणारे ट्यूनिंग-तक्ते आवश्यक ठरले. आज अनेक सॅम्पलर असे तक्ते स्वीकारतात.

११/
एक उदाहरण पाहावे. षड्ज काळी एक धरला, तर शुद्ध गांधार पांढरी चारवर येतो आणि तो १४ सेंट उतरवावा लागतो. गायकाने काळी दोन मागितली, की तीच पांढरी चार शुद्ध रिषभ होते. ९:८ या प्रमाणासाठी ती आता सुमारे ४ सेंट चढवावी लागते. पट्टी तीच, नमुना तोच. षड्ज हलताच तिचे योग्य स्थान १८ सेंटांनी बदलले.

१२/
पट्टीला स्वतःचा असा सूर नसतो. षड्जाशी असलेल्या नात्यातून तो ठरतो. तंबोरा लावणाऱ्याला हे पूर्वापार ठाऊक होते, एलिस यांनी ते मोजून दाखवले, आणि देवलांनी त्यासाठी पेटीशी वाद घातला. सॅम्पलरमधला सेंटचा रकाना शून्यावर तसाच ठेवणे हाही या वादात दिलेला एक कौलच असतो.